'ऐतिहासिक'साठी हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? ठाण्याच्या माहितीफलकांचं इंग्रजी

चेंदणी_ठाणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या जुन्या भागातल्या वारसाफेरीसाठी माहितीफलक तयार होत आहेत. मराठी मजकूर पक्का झालाय, इंग्रजी माझ्याकडे आहे. एका फलकावर दोन्ही भाषा असल्याने इंग्रजीला साठ-सत्तर शब्दांच्या वर जागा नाही. आणि फलक एकदा बसवला की पुढची दहा वर्षं तो तसाच राहणार.

अडलंय एकाच शब्दावर. मराठी मजकुरात 'ऐतिहासिक' वारंवार आलाय आणि मराठीत तो कुठेच खटकत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल हे ठरवावं लागतं. शब्दकोशात दोन्हींपुढे 'ऐतिहासिक' एवढंच दिलेलं असतं, त्याने काही सुटत नाही. खालचे तुकडे बघा:

१. १६ एप्रिल १८५३ ची ऐतिहासिक पहिली रेल्वेफेरी
२. ठाण्याचा ऐतिहासिक किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह
३. ऐतिहासिक कागदपत्रांनुसार
४. श्रीस्थानक हे ठाण्याचं ऐतिहासिक नाव
५. त्र्यंबकजी डेंगळे ही ऐतिहासिक व्यक्ती
६. शहराचा ऐतिहासिक नकाशा

कोणतं कुठे, यापेक्षा का, हे कळलं तर उरलेले फलक माझे मलाच करता येतील.

---

घणसोली_ते_दादर

सोपं आहे. मोठी, गाजलेली गोष्ट असेल तर हिस्टॉरिक. नुसतीच जुनी असेल तर हिस्टॉरिकल. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

---

शब्दखुंटी

वरच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग चालेल, दुसरा नाही. हिस्टॉरिकल म्हणजे 'जुना' नव्हे. या वर्षी बाजारात आलेली, शिवकाळावरची कादंबरी घ्या. पुस्तक कोरं करकरीत, शाईचा वास येतोय, तरी ती हिस्टॉरिकल नॉव्हेलच. जुनेपणाचा संबंध असता तर असं झालं नसतं. उलट, शंभर वर्षांपूर्वीची एखादी साधी पाण्याची टाकी फक्त 'ओल्ड' असते. ती हिस्टॉरिकलही नाही आणि हिस्टॉरिकही नाही.

खरी गोम आपल्या 'ऐतिहासिक' या शब्दात आहे. इतिहासाला 'इक' प्रत्यय लावून आपण एकच विशेषण केलं आणि त्यात दोन अर्थ भरले. म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी तो शब्द मराठीतच फोडा.

'ऐतिहासिक' काढून तिथे 'इतिहासाचा', 'इतिहासातला' किंवा 'इतिहासाविषयीचा' घालून बघा. वाक्याचं काही न हरवता ते बसलं तर हिस्टॉरिकल. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहासावरची कादंबरी. ऐतिहासिक संशोधन म्हणजे इतिहासाचं संशोधन. ऐतिहासिक व्यक्ती म्हणजे इतिहासातली व्यक्ती.

आता 'ऐतिहासिक क्षण' घ्या. 'इतिहासातला क्षण' म्हटलं की त्यातला जीवच जातो. तिथे आपल्याला म्हणायचं असतं इतिहास घडवणारा, इतिहासात ज्याची नोंद राहील असा. ते हिस्टॉरिक. १९८३ चा क्रिकेट विश्वचषकाचा विजय हिस्टॉरिक. मराठीला अभिजात दर्जा देण्याचा ३ ऑक्टोबर २०२४ चा मंत्रिमंडळाचा निर्णय हिस्टॉरिक. महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह हिस्टॉरिक.

या कसोटीने निकाल लागला नाही तर विरुद्धार्थी शब्द शोधायचा. माझ्या मते ही कसोटी जास्त भरवशाची. हिस्टॉरिकच्या उलट काय? किरकोळ, रोजचं, मामुली. हिस्टॉरिकलच्या उलट काय? दंतकथेतलं, कल्पित, किंवा सध्याचं. तुमच्या वाक्यात लेखक नकळत कशाला नाही म्हणतोय ते बघा. 'मामुली नव्हे' म्हणत असेल तर हिस्टॉरिक. 'कल्पित नव्हे' किंवा 'आजचं नव्हे' म्हणत असेल तर हिस्टॉरिकल.

तुमचा पाचवा तुकडा यासाठी नमुनेदार आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातल्या कैदेतून निसटले, हे घडलेलं आहे. बाहेरच्या मोतद्दाराने, म्हणजे घोडे राखणाऱ्याने, गाण्यातून त्यांना पळण्याचा बेत कळवला, ही गोष्ट मात्र सांगोवांगीची. फलकावर दोन्ही येणार असतील तर माणूस आणि सुटका 'हिस्टॉरिकल', आणि गाण्याच्या गोष्टीला 'अकॉर्डिंग टू ट्रॅडिशन' अशी सुरुवात. वाचणाऱ्याला कुठे पाय घट्ट टेकवायचा आणि कुठे नाही, हे त्या दोन शब्दांतूनच कळतं. त्र्यंबकजींना 'अ हिस्टॉरिक फिगर' म्हटलंत तर ते चूक होणार नाही, पण विधान बदलेल. मग तुम्ही त्यांच्या थोरवीबद्दल बोलताय, ते खरोखर होऊन गेले याबद्दल नाही.

बाकीचे पटकन:

पहिला तुकडा हिस्टॉरिक, शंकाच नाही.
तिसरा हिस्टॉरिकल. 'हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स' किंवा 'हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स'.
चौथा हिस्टॉरिकल. इथे अर्थ 'पूर्वीचं, आज वापरात नसलेलं' असा आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक येतं, आज कोणी तसं म्हणत नाही. 'हिस्टॉरिक नेम' लिहिलंत तर नावानेच काही पराक्रम केल्यासारखं वाटेल.
दुसऱ्याबद्दल आणि सहाव्याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, रात्री लिहितो.

---

मुद्रितशोधक

शब्दखुंटी रात्री लिहिणार आहेत, तोवर किल्ल्याचं मी सांगतो. रोजच्या कामात सर्वांत जास्त दुरुस्त्या मी याच ठिकाणी करतो.

वास्तू, वाडा, देऊळ, पेठ, गाव, शहर, बंदर यांना इंग्रजीत जवळपास नेहमी हिस्टॉरिक लागतं. हिस्टॉरिक बिल्डिंग, हिस्टॉरिक टाऊन, हिस्टॉरिक फोर्ट. आपल्याकडच्या इंग्रजीत 'हिस्टॉरिकल बिल्डिंग', 'हिस्टॉरिकल प्लेस' इतकं रुळलंय की ते कानाला बरोबरच वाटतं, पण छापील इंग्रजीचा प्रघात तो नाही. अहमदाबादची जुनी पेठ २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली ती 'हिस्टॉरिक सिटी ऑफ अहमदाबाद' या नावाने.

इथे 'इतिहास घडवणारा' ही फोड थोडी तोकडी पडते. प्रत्येक जुन्या वाड्याने इतिहास घडवलेला नसतो. जागेच्या बाबतीत हिस्टॉरिकचा अर्थ 'इतिहास अंगावर वागवणारी' असा घ्यायचा. ठाण्याचा किल्ला त्यात चपखल बसतो: पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी, पुढे त्याचा तुरुंग झाला आणि जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली. 'हिस्टॉरिक फोर्ट' लिहा, बिनघोर.

मग 'हिस्टॉरिकल' वास्तूंजवळ कधी येतं? ती वास्तू इतिहास या विषयाशी संबंधित असेल तेव्हा. 'हिस्टॉरिकल म्युझियम' म्हणजे इतिहासाच्या वस्तू मांडलेलं संग्रहालय, मग इमारत गेल्या वर्षी बांधलेली का असेना. 'हिस्टॉरिक म्युझियम' म्हटलं तर संग्रहालयाची इमारत किंवा ती संस्थाच नावाजलेली आहे. एका वाड्यात इतिहासाचं संग्रहालय असेल तर 'अ हिस्टॉरिकल म्युझियम इन अ हिस्टॉरिक वाडा' हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे, आणि त्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी दिसतात.

एक इशारा. कायद्याचा किंवा संस्थेच्या नावाचा शब्द कधीही सुधारू नका. आपल्या राज्यघटनेत दोन्ही रूपं आहेत. अनुच्छेद ४९ मध्ये स्मारकांच्या संदर्भात 'आर्टिस्टिक ऑर हिस्टॉरिक इंटरेस्ट' असं आहे. सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीची ६७ वी नोंद मात्र 'एन्शंट अँड हिस्टॉरिकल मॉन्युमेंट्स अँड रेकॉर्ड्स' अशी सुरू होते. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात व्याख्येत 'हिस्टॉरिकल, आर्किऑलॉजिकल ऑर आर्टिस्टिक इंटरेस्ट' आहे, आणि वास्तू किमान शंभर वर्षं अस्तित्वात असावी ही अटही. यातला कुठलाही तुकडा फलकावर उद्धृत करायचा असेल तर अक्षर न् अक्षर मूळ ठेवायचं. स्वतःचं वाक्य लिहिताना प्रघात पाळायचा.

---

चेंदणी_ठाणे

दोघांचेही आभार. विरुद्धार्थी शब्दाची कसोटी लगेच लावून बघितली आणि तिसऱ्या फलकावरचे दोन शब्द बदलले.

आणखी दोन शंका. 'अ हिस्टॉरिक' लिहायचं की 'अ‍ॅन हिस्टॉरिक'? जुन्या पुस्तकांत 'अ‍ॅन' दिसतं. आणि क्रियाविशेषण करताना काय? 'ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचं' हा शब्दप्रयोग मजकुरात चार वेळा आहे.

---

मुद्रितशोधक

उपपद 'अ'. कारण उच्चारात आहे. 'हिस्टरी' म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर येतो, ह ठणठणीत ऐकू येतो, म्हणून 'अ हिस्टरी' याबद्दल कधी वाद झाला नाही. 'हिस्टॉरिक' म्हणताना आघात सरकून 'टॉ' वर जातो. पहिलं अक्षर मवाळ पडतं आणि पूर्वी पुष्कळ इंग्रज ते जवळजवळ 'इस्टॉरिक' म्हणत. स्वर आला की 'अ‍ॅन' आलंच. आज ह उच्चारतात, म्हणून 'अ'. आपण मराठी माणसं तर ह कधी गिळतच नाही. 'अवर' म्हणजे तास, तिथे ह मुळातच मुका आहे, म्हणून 'अ‍ॅन अवर' कायम. 'अ‍ॅन हिस्टॉरिक' अगदी चूक नाही, पण एका फलकावर 'अ' आणि दुसऱ्यावर 'अ‍ॅन' असं होऊ देऊ नका.

क्रियाविशेषण एकच, 'हिस्टॉरिकली'. 'इक'ने संपणाऱ्या विशेषणांना इंग्रजीत 'इकली' लागतं. 'पब्लिकली' हा ठळक अपवाद, त्याच्या स्पेलिंगमध्ये मधलं 'ए-एल' नसतं. म्हणजे क्रियाविशेषणात दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात, आपल्या 'ऐतिहासिकदृष्ट्या'सारखेच. त्यामुळे तुमची ती चार ठिकाणं 'हिस्टॉरिकली इम्पॉर्टंट' अशी बिनधोक जातील. पण साठ शब्दांच्या मजकुरात ते दोन शब्द खर्च करण्यापेक्षा महत्त्व कशामुळे ते लिहा. '१७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला' हे वाचल्यावर महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

नामाबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. 'हिस्टॉरिसिटी' हे नाम हिस्टॉरिकलच्या बाजूचं आहे. त्याचा अर्थ 'खरोखर घडलं होतं का', 'थोरवी' नव्हे. 'मंदिराची ऐतिहासिकता' याचं भाषांतर 'हिस्टॉरिसिटी ऑफ द टेम्पल' केलं तर देऊळ होतं की नव्हतं अशी शंका घेतल्यासारखं होतं. तिथे 'हिस्टॉरिकल सिग्निफिकन्स' लिहावं.

---

रबाळे_कंट्रोलरूम

विषय फलकांचा आहे, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत हीच चूक अहवालांमध्ये होते आणि तिथे ती महागात पडते, म्हणून लिहितो.

कंट्रोल रूमच्या पडद्यावर दोन प्रकारचे आलेख असतात. एक 'रिअल-टाइम ट्रेंड', म्हणजे आत्ताचं तापमान, दाब, पातळी. दुसरा 'हिस्टॉरिकल ट्रेंड', म्हणजे साठवलेल्या नोंदींवरून काढलेला, कालचा, मागच्या आठवड्याचा, मागच्या वर्षीचा. इथे हिस्टॉरिकलच्या उलट 'आत्ताचं' आहे. शब्दखुंटींनी सांगितलेली कसोटी जशीच्या तशी लागू पडते. 'हिस्टॉरिकल डेटा', 'हिस्टॉरिकल अलार्म्स' हे सगळं याच घरातलं. यात मोठेपणाचा लवलेश नाही. काल दुपारी तीनचं वाचन हेसुद्धा हिस्टॉरिकल डेटाच.

आता अहवालात कोणी 'हिस्टॉरिक हाय टेम्परेचर' लिहिलं तर वाचणारा थबकतो. त्याला वाटतं, आजवर कधी गेलं नव्हतं तिथवर तापमान गेलं, मग घटनेचा अहवाल कुठे आहे? लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'साठवलेल्या नोंदींतलं सर्वांत जास्त'. अशा जागी दोन्ही शब्द सोडून द्यावेत. 'हायेस्ट रेकॉर्डेड व्हॅल्यू' लिहून पुढे आकडा, एकक, तारीख आणि वेळ द्यावी. ट्रेंडचा कालावधीही लिहावा, नाहीतर 'सर्वांत जास्त' म्हणजे एका पाळीतलं की पाच वर्षांतलं ते कळत नाही.

हाच फरक पावसात सगळ्यांना पटकन दिसेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो 'हिस्टॉरिक रेनफॉल'. पण नाल्याची रुंदी किंवा पंपाची क्षमता ठरवताना सल्लागार जे मागतो ते 'हिस्टॉरिकल रेनफॉल डेटा', म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी, ज्यात रिमझिम पावसाचे दिवसही आले. पत्रात 'हिस्टॉरिक रेनफॉल डेटा' लिहिलं तर समोरचा फक्त अतिवृष्टीच्या दिवसांची यादी पाठवू शकतो, आणि तीवरून काढलेली सरासरी कुचकामी ठरते.

हिशेबातही 'हिस्टॉरिकल कॉस्ट' म्हणजे वस्तू घेतली तेव्हाची किंमत, आजची बाजारकिंमत नव्हे.

---

घणसोली_ते_दादर

कादंबरीचं उदाहरण पटलं, माझं 'जुनं' मागे घेतो. पण मग दुसरा एक नियम बनतो का बघा. 'इक' लागलं की वस्तूचा स्वतःचा गुण, 'इकल' लागलं की त्या विषयाशी संबंध. क्लासिक-क्लासिकल, इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिकल यांनाही हे लागू पडतंय. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती इलेक्ट्रिक ट्रेन, आणि कॉलेजात शिकतात ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग.

---

शब्दखुंटी

निरीक्षण चांगलं आहे आणि त्या तीन जोड्यांपुरतं उपयोगीही आहे. 'क्लासिकल लँग्वेज' हा मराठीला मिळालेला दर्जा, म्हणजे भाषांचा एक ठरावीक वर्ग. त्याला 'क्लासिक लँग्वेज' म्हणता येत नाही. शास्त्रीय संगीत 'क्लासिकल म्युझिक', पण त्यातलं एखादं आदर्श ध्वनिमुद्रण 'अ क्लासिक रेकॉर्डिंग'.

पण नियम म्हणून हे धरून चालू नका, कारण 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' तो उलटा करतात. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, म्हणजे विषयाशी संबंध. इकॉनॉमिकल म्हणजे किफायतशीर, कमी खर्चात भागणारा, म्हणजे वस्तूचा गुण. 'आर्थिक वाढ'चं 'इकॉनॉमिकल ग्रोथ' करणं ही याच घोटाळ्यातली चूक. इंग्रजीत पूर्वी ही दोन्ही शेपटं एकमेकांच्या जागी सर्रास चालत. अर्थ नंतर वाटले गेले, आणि प्रत्येक जोडीत वाटणी वेगळी झाली. म्हणून जोडी तितकी सुटी शिकावी लागते.

हिस्टॉरिकच्या घरातही एक अपवाद आहे: 'प्रीहिस्टॉरिक'. त्याचा अर्थ फक्त 'लिखित इतिहासाच्या आधीचा', यात थोरवी नाही. अर्थाने तो हिस्टॉरिकलकडचा असूनही रूढ रूप 'प्रीहिस्टॉरिक' हेच. घारापुरीच्या लेण्यांसाठी ते वापरू नका, तो काळ लिखित इतिहासातलाच आहे.

आता सहावा तुकडा, नकाशा. इथे दोन्ही बरोबर, पण वस्तू वेगळ्या. 'हिस्टॉरिकल मॅप'चे पुन्हा दोन अर्थ होतात. एक, जुन्या काळी काढलेला नकाशा. दोन, आज काढलेला, पण जुन्या काळची स्थिती दाखवणारा, उदाहरणार्थ १७३७ मधलं ठाणे. फलकावर वाचणाऱ्याला हे कळलंच पाहिजे, कारण पहिला पुरावा असतो आणि दुसरा अनुमान. म्हणून विशेषणावर भिस्त न ठेवता पहिल्यासाठी 'मॅप ड्रॉन इन' लिहून साल द्या, दुसऱ्यासाठी 'मॅप शोइंग ठाणे इन' लिहून साल. 'हिस्टॉरिक मॅप' फक्त तेव्हा, जेव्हा त्या नकाशानेच काही घडवलं असेल, जसा एखाद्या तहाला जोडलेला, ज्यावरून हद्द ठरली तो.

छायाचित्रांनाही हेच लावा. जुन्या ठाण्याचं छायाचित्र 'हिस्टॉरिकल फोटोग्राफ'. ते छायाचित्र स्वतःच गाजलेलं असेल तर हिस्टॉरिक.

---

वाशी_सेक्टर_१७

वाचतोय, फार कामाचं आहे. एक विचारू का? न्यायालयाच्या 'ऐतिहासिक निकाला'ला काय म्हणावं? बातम्यांत दोन्ही शब्द दिसतात.

---

मुद्रितशोधक

हिस्टॉरिक चालेल, हिस्टॉरिकल नाही. पण कायद्याच्या इंग्रजीत रुळलेला शब्द तिसराच आहे, 'लँडमार्क जजमेंट'. केशवानंद भारती खटल्याचा २४ एप्रिल १९७३ चा तेरा न्यायाधीशांचा निकाल सगळीकडे 'लँडमार्क' म्हणूनच येतो. तसंच बाजारभावात 'ऐतिहासिक नीचांक' म्हणजे 'रेकॉर्ड लो' किंवा 'ऑल-टाइम लो'. मराठी 'ऐतिहासिक' दिसला की या दोघांतलाच एक निवडायचा असं बंधन नाही. कधी 'ओल्ड', कधी 'फॉर्मर', कधी 'लँडमार्क', कधी 'रेकॉर्ड' जास्त नेमका बसतो.

इंग्लंडच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. तिकडे जुन्या, उशिरा नोंदवलेल्या गुन्ह्यांना 'हिस्टॉरिक' किंवा 'हिस्टॉरिकल' म्हणत आले आहेत. गुन्ह्याला थोरवी चिकटल्यासारखं किंवा तो इतिहासजमा झाल्यासारखं वाटतं, म्हणून तिथल्या सरकारी वकिलांच्या भाषेत आता 'नॉन-रीसेंट' वापरतात. तुमच्या भाषांतरात असा मजकूर आला तर हाच शब्द घ्या.

---

चेंदणी_ठाणे

रेल्वेच्या फलकाचं इंग्रजी असं केलंय. नागरीत लिहितो, म्हणजे वाचायला सोपं जाईल:

'ऑन १६ एप्रिल १८५३, इंडियाज फर्स्ट ट्रेन मेड द फर्स्ट हिस्टॉरिक जर्नी फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे, अ डिस्टन्स ऑफ ३४ किलोमीटर्स. हिस्टॉरिक रेकॉर्ड्स मेन्शन थ्री इंजिन्स: साहिब, सिंध अँड सुलतान.'

किल्ल्याच्या फलकावर 'हिस्टॉरिक' एकदाच ठेवलाय, बाकी सगळीकडे सालं घातली आहेत. नकाशाखाली 'मॅप शोइंग' आणि साल. रेल्वेचं तपासून द्याल का? उद्या छपाईला जातंय.

---

शब्दखुंटी

तीन दुरुस्त्या.

'हिस्टॉरिक रेकॉर्ड्स' नाही, 'हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स'. 'इतिहासाच्या नोंदी' ही फोड बसते. शिवाय रेकॉर्डचा दुसरा अर्थ विक्रम असल्यामुळे 'हिस्टॉरिक रेकॉर्ड्स' म्हणजे 'ऐतिहासिक विक्रम' असंही वाचलं जाईल.

'इंडियाज फर्स्ट ट्रेन' मध्ये 'पॅसेंजर' घाला. मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७ मध्येच दगड वाहण्यासाठी रुळांवर गाडी धावली होती. ठाण्याचा मान पहिल्या प्रवासी गाडीचा आहे, तो एका शब्दाच्या आळसाने वादात कशाला टाकायचा?

तिसरी दुरुस्ती शब्दांच्या क्रमाची. 'द फर्स्ट हिस्टॉरिक जर्नी' म्हणजे हिस्टॉरिक प्रवास बरेच झाले, त्यांतला हा पहिला. तुम्हाला म्हणायचंय, पहिलाच प्रवास आणि म्हणून हिस्टॉरिक. मराठीत तुम्ही 'ऐतिहासिक पहिली रेल्वेफेरी' लिहिलंय, तो क्रम बरोबर आहे, तोच ठेवा: 'इट्स हिस्टॉरिक फर्स्ट जर्नी'. 'फर्स्ट' हा शब्द 'जर्नी'ला चिकटून राहिला पाहिजे.

---

मुद्रितशोधक

वरच्या तिन्ही दुरुस्त्यांना दुजोरा. एक बारीक गोष्ट उरली. 'फर्स्ट पॅसेंजर ट्रेन' आणि 'फर्स्ट जर्नी' मिळून 'फर्स्ट' दोनदा येतंय. 'इंडियाज फर्स्ट पॅसेंजर ट्रेन मेड इट्स हिस्टॉरिक रन फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे' एवढंच ठेवा. एक शब्द वाचला, त्या जागी चौदा डबे किंवा एकवीस तोफांची सलामी, दोन्हीपैकी एक बसेल.

---

चेंदणी_ठाणे

चौदा डबे घातले. मजकूर एकसष्ट शब्दांत बसलाय. छपाईला देतोय.